विषय: मागच्या गेटचा कॅमेरा, नवीन स्विच घेण्याआधी केबल बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर, सोलापूर

स.न.वि.वि.

रविवारच्या सभेत सीसीटीव्हीसाठी नवीन स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) घेण्याचा विषय आहे, असं नोटीस बोर्डवर वाचलं. कळकळीची विनंती आहे, तो ठराव करू नये. बिघाड स्विचमध्ये नाही.

मागच्या गेटचा कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो. अंधार पडला की मात्र दर दोन-तीन मिनिटांनी बंद-चालू होतो. वर्षभरात दोनदा स्विच बदलला, पण बदलला त्याच रात्री पुन्हा तेच सुरू झालं. गेल्या महिन्यात त्या गेटजवळून माझ्या मुलाची सायकल गेली. फुटेज पाहायला बसलो तर नेमकी तेवढीच मिनिटं कोरी होती. म्हणून सेक्रेटरीसाहेबांची परवानगी घेऊन मी आणि वॉचमनकाकांनी जिन्याखालचा स्विचचा बॉक्स उघडला.

आधी त्या कॅमेऱ्याची केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टला (खाचेला) लावली. बिघाड केबलबरोबरच तिकडे गेला. मग कॅमेरा काढून आणला, आखूड केबलने त्याच स्विचला जोडला आणि वरून घरची सोलापुरी चादर पांघरली, म्हणजे त्याला रात्र वाटावी. आतले लाल दिवे लागले. दोन तास कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. म्हणजे कॅमेरा आणि स्विच दोन्ही ठीक, दोष मधल्या केबलचा.

अंधारात हे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याला जास्त वीज लागते, आणि ती वीज त्याच नेटवर्क केबलमधून येते. केबल लांब असली की व्होल्टेज वाटेतच पडतं आणि कॅमेरा पुन्हा सुरू होतो. अशा केबलची मर्यादा १०० मीटर. टेपने मोजली तर आपली ११८ मीटर भरली. त्यात गेटकडच्या टोकाची तार ब्लेडने खरवडली, तर तांबं नुसतं वरवर, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा विजेला होणारा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो. शिवाय घरात वापरायची ही केबल गच्चीच्या कठड्यावरून उघडी नेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. वरचं आवरण तडकून बोटाने सुटतंय.

तेव्हा ए विंगच्या मीटर रूममध्ये एक छोटा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) बसवून केबलचे दोन तुकडे करावेत, म्हणजे दोन्ही शंभराच्या आत राहतील. केबल शुद्ध तांब्याची आणि बाहेर वापरायची असावी, लाइटच्या वायरींपासून दूर, स्वतंत्र पाइपातून न्यावी. बिलावर "शुद्ध तांबे" असं लिहून घ्यावं आणि पैसे देण्याआधी एक टोक खरवडून बघावं. मागच्या वेळी हे कुणी पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं.

सभेला येताना खरवडलेला तुकडा घेऊन येतो. कॅमेऱ्याची चाचणी पुन्हा पाहायची असेल तर शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी घरीच आहे.

आपला नम्र,
सभासद, बी विंग, दुसरा मजला