निवासी संस्थांत खुणा समजणारे माणूस हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐकू येत नाही आणि बुद्धीची वाढही मागे राहिली, असे दुहेरी अपंगत्व असलेल्या प्रौढ माणसांना आई-वडिलांच्या माघारी सांभाळणाऱ्या संस्था कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात मोजक्याच आहेत. माझा धाकटा भाऊ अशाच एका संस्थेत राहतो. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तो आजही तिथेच आहे आणि उद्या त्याला हलवायचे म्हटले तर दुसरीकडे जागा नाही. खानापूर घ्या, निपाणी घ्या की चिकोडी. अशा घरांतली मंडळी तक्रार का करत नाहीत, याचे कारण हेच.

भावाला तान्हेपणी मेंदूज्वर झाला. त्यात कान गेले आणि समजही लहान मुलाएवढीच राहिली. आता चाळिशी उलटली. आई होती तोवर काही अडले नाही, कारण त्याच्या सगळ्या खुणा आईला पाठ होत्या. बशी ओठाला लावल्यासारखे केले की चहा. कंडक्टरसारखी घंटीची दोरी ओढली की बस, म्हणजे गावाला जायचे आहे. कपाळावर बोट टेकले की आई. दुखत असले की तो दुखऱ्या जागेला हात लावत नाही, मांडीवर थापा मारतो. असे का, ते आईलाही कधी कळले नाही, पण थापा म्हणजे दुखणे हे घरात सगळ्यांना माहीत.

मागच्या पावसाळ्यात संस्थेत त्याने जेवणाचे ताट भिरकावायला सुरुवात केली. मांडीवर थापाही मारत होता. रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘जेवताना आक्रमक’. डॉक्टरांना तेवढेच सांगितले गेले आणि गोळ्या सुरू झाल्या. मी भेटायला गेले तर भरदुपारी झोपलेला. उठवल्यावर माझ्याकडे बघत त्याने मांडी थोपटली. तोंड उघडून पाहिले तर मागची दाढ किडलेली आणि हिरडी टम्म सुजलेली. दाढ काढली, गोळ्या बंद झाल्या, ताट पुन्हा कधी उडाले नाही. तिथे सांभाळणाऱ्या मावशींना मी दोष देणार नाही. एकेका मावशीच्या अंगावर किती माणसे असतात ते मी डोळ्यांनी बघते. थापांचा अर्थ आईने सांगून ठेवला होता, नंतर मीही सांगितला होता. पण ज्यांना सांगितला त्या मावशी काम सोडून गेल्या, आणि तो अर्थ कुठल्याच कागदावर नव्हता.

माझे म्हणणे या एका गोष्टीपुरते आहे. संस्थेची देखभाल चांगली की वाईट, हे तिथल्या माणसाचे म्हणणे तिथल्या कोणाला तरी कळते की नाही यावर ठरवा.

तपासणीला साहेब येतात तेव्हा काय पाहतात? स्वयंपाकघर, संडास, हजेरीपट, पाण्याची टाकी. हे पाहायलाच हवे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 याच्या कलम 50 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, आणि कलम 52 प्रमाणे ते प्रमाणपत्र रद्दही करता येते. म्हणजे सरकारच्या हातात काठी आहे. पण बहिऱ्या माणसांच्या संस्थेत तपासणीला येताना खुणांची भाषा जाणणारे एक माणूस सोबत आणलेले मी तरी अजून पाहिले नाही. मग तिथे राहणाऱ्यांना कोण विचारणार, आणि त्यांनी सांगितले तर कोणाला कळणार? सुपरिंटेंडेंट सांगतील तेच लिहून साहेब जातात.

कानाच्या मशीनचेही असेच. भावाला थोडे ऐकू येते. दार आपटले, कुत्रे भुंकले तर मान वळवतो. त्याचे मशीन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होते. ‘हरवू नये म्हणून ठेवलंय,’ असे उत्तर मिळाले. हरवले नाही, हे खरेच. पण त्या बारीक सेलचे असे असते की वरची चिकटपट्टी एकदा काढली की मशीन वापरा न वापरा, सेल उतरतच जातो. रोज वापरले तर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावाच लागतो. कानातला साचा सैल झाला की मशीन शिटी मारते. मग मशीन बिघडले असे समजून ते काढून ठेवतात. खानापूरकडच्या पावसात रात्री ते ओल शोषणाऱ्या पुडीच्या डबीत ठेवावे लागते, नाहीतर दमटपणाने बाद होते. साच्याचे भोक मळाने बुजते, कानातही मळ साठतो. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तर कानाची नळीच अरुंद असते, निम्म्याहून अधिक जणांना कमी ऐकू येते, आणि ‘समजत नाही’ या सदरात ते खपून जाते. वर्षातून एकदा कान तपासून घ्यायला आणि सेलसाठी खर्चाची एक ओळ धरायला फार मोठे अनुदान लागत नाही.

रात्रीचा विचार तर कोणीच करत नाही. ज्याचे बोलणे हातांनी चालते, त्याचे दिवा मालवला की तोंडच बंद झाले. एवढ्या मोठ्या खोलीत एक मावशी, वर लाइट गेलेली. पोटात कळ आली तर त्याने सांगायचे कसे? इन्व्हर्टरवर चालणारा एक मंद दिवा आणि आग लागली तर भोंग्याबरोबर लुकलुकणारा लाल दिवा, एवढे तरी हवे. नुसता भोंगा यांच्या काय कामाचा?

आता आपल्या भागाचे वेगळे दुखणे. सीमेपलीकडच्या शाळेत काही वर्षे काढलेला माझा भाऊ आपले नाव देवनागरीत ओळखतो, कसेबसे गिरवतोही. संस्थेत कपाटावर, ताटावर, पलंगावर त्याचे नाव कानडीत. तो दुसऱ्याचेच कपाट उघडायचा आणि बोलणी खायचा. यात कानडीशी भांडण नाही. तिथल्या ज्या मावशीने त्याची चहाची खूण सगळ्यांत आधी ओळखली ती कानडीच बोलते. मी कपाटावर त्याचा फोटो चिकटवून आले, वाद मिटला. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. फोटोला कोणाची हरकत नसावी.

वाढदिवसाला फळे वाटून मुलांच्या रांगेसमोर उभे राहून काढलेले फोटो आपल्याकडे नेहमी छापून येतात. देणाऱ्यांची भावना चांगली असते, मला ठाऊक आहे. पण केळी वाटणाऱ्यांनी एखादा तास बसून दोन-चार खुणा शिकून घेतल्या तर त्यांचे उपकार मानीन. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा कोश काढला, तो 2021 पर्यंत 10,000 शब्दांवर गेला. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात. संस्थेतल्या प्रत्येक पाळीत एकाला तरी तेवढे यावे. अर्थात कोशात माझ्या भावाची मांडीवरची थाप सापडायची नाही. शाळेत न गेलेल्या किंवा शिकवलेले न टिकलेल्या माणसांच्या खुणा घरच्या असतात, ज्याच्या त्याच्या वेगळ्या.

म्हणून दाखल होतानाच प्रत्येकाच्या घरच्यांकडून खुणा लिहून घ्याव्यात. भूक कशी सांगतो, दुखणे कसे सांगतो, भीती कशाची, काय केल्यावर शांत होतो. सोबत फोटो, जमल्यास मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ. हे कागद मराठीत आणि कानडीत करून पलंगाशी टांगावेत, आणि नवीन मावशी आली की पहिल्या दिवशी तिला वाचून दाखवावेत. दवाखान्यात नेताना तोच कागद सोबत जावा. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के असतात, खुणा नसतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे अपंगांसाठीचे पुनर्वसन कार्यकर्ते, नेमलेले आहेत. घरी म्हातारी आई अजून आहे तोवर त्यांनी जाऊन हे लिहून घेतले तर सगळ्यांत बरे, कारण आई गेल्यावर अर्ध्या खुणा तिच्याबरोबर जातात.

आणखी एक. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांना माहीत नसते. अशा वेळी पालक नेमण्याची सोय राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 यात आहे. नुसता बहिरेपणा त्यात बसत नाही. पण बुद्धीची अक्षमताही असेल तर तो लागू होतो. पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. समितीचे प्रमुख डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, असतात, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. पालकत्वाचा आदेश हातात असला की संस्थेत आणि दवाखान्यात आपल्या शब्दाला वजन येते. गोळ्या कोणाला विचारून सुरू केल्या, हे विचारता येते. छळ किंवा मारहाणीचा संशय असेल तर त्यासाठी पालक असण्याचीही गरज नाही. 2016 च्या कायद्याचे कलम 7 सांगते की कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तालुक्यात तहसीलदारांना, माहिती देऊ शकतो.

ज्यांची माणसे अशा संस्थांत आहेत किंवा घरीच आहेत, त्यांनी आपापला अनुभव आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवावा, अशी विनंती आहे. नावे छापू नका. पत्रे जमली की त्यांच्या प्रती घेऊन डीसी ऑफिसला जायची माझी तयारी आहे. तपासणीच्या पथकात खुणांची भाषा जाणणारे एक माणूस घ्यावे, एवढी एकच मागणी मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे.

आपली,
एक बहीण, खानापूर तालुका
(नाव व पत्ता संपादकांकडे)