सुलू, तुझंच बरोबर होतं

यावल, पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय सुलू,

फेब्रुवारीत तुझं पत्र आलं. उत्तर देते, देते म्हणता म्हणता पोळा उलटला. रागव हवं तर, पण आधी हे पूर्ण वाच. घरात ह्यांना सांगून पाहिलं, ते म्हणाले, "खेकड्यांसाठी एवढं काय?" दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. माझी तब्येत ठीक. साखर जरा वर आहे, गोळी चालू.

रविवारी अक्काच्या मळ्यात गेले होते, सुकी नदीच्या अंगाला. पाऊस उघडला होता, नाल्याचं पाणी अगदी नितळ, आणि काठच्या दगडांत खेकडे पडलेले. सतरापर्यंत मोजले, मग मोजवेना. काही जिवंत होते. उताणे पडून पाय थरथरत होते, नांगी आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची. आपण प्रॅक्टिकलला नस उघडी करून झटका द्यायचो तेव्हा पाय नाचायचा ना, तसंच. फक्त इथे झटका देणारं कुणी दिसत नव्हतं.

थोडं वर गेले तर एक जण नाल्यात फवारणीचा पंप खंगाळत होता. माझाच विद्यार्थी निघाला. आता औषधं-बियाण्यांचं दुकान आहे त्याचं, शिवाय घरचा कापूस. वाकून पाया पडला. म्हटलं, "अरे, खाली खेकडे मरताहेत, पंप इथे कशाला धुतोस?" तर म्हणतो, "त्याले काही नाही होत मॅडम. तुम्हीच तं सांगेल व्हतं, खेकड्याच्या नसांवर घट्ट आवरण राहतं, रक्तातलं आत जात नाही. परीक्षेच्या पेपरात लिहेल व्हतं मी."

सुलू, तो उलट बोलत नव्हता. त्याचा विश्वास होता माझ्यावर. घरी येऊन मी जेवले नाही.

तेवीस वर्षं मी फळ्यावर तीच आकृती काढत आले. मध्ये मज्जारज्जू, भोवती ग्लिया पेशींचा, म्हणजे नसेच्या आधारपेशींचा, थर, आणि पेशी-पेशींमध्ये दोन रेघा चिकटवून लिहायचं, "टाइट जंक्शन", म्हणजे घट्ट सांधा. आकृती झुरळाची. मी तीच खेकड्याला लावली. आणि असं करू नको हे तू मला हॉस्टेलच्या गच्चीवर, भरीत-पार्टीच्या रात्री, कळण्याची भाकरी हातात धरून बजावलं होतंस. ("मंगल, आधी गिळ, मग भांड," हे पण तूच.)

तो झेरॉक्स आठवतो? तेव्हा आपलं विद्यापीठ पुण्याचं, जळगावचं 1990 मध्ये निघालं, म्हणून तू पुण्याच्या ग्रंथालयात दोन दिवस बसून आणलेला. नॅन्सी लेन आणि जोन अ‍ॅबट यांचा 1975 चा लेख, क्रेफिशच्या (खेकड्याच्याच जातकुळीतला प्राणी) मज्जासंस्थेवरचा. फोटो इतके काळे आले होते की सेप्टेट जंक्शनची (पेशींमधल्या शिडीसारख्या सांध्याची) शिडी कुठली आणि शाईचा डाग कुठला ते कळत नव्हतं. मी म्हणत होते घट्ट सांधा आहे, तू म्हणत होतीस आडव्या पायऱ्या मोज, मध्ये पंधरा-वीस नॅनोमीटरची फट आहे, ती बंद नाही. गॅप जंक्शन या तिसऱ्या सांध्याची फट तर दोन-चार नॅनोमीटरची, पण ती पेशींना आपसांत बोलायला, बाहेरच्याला अडवायला नव्हे. त्यावरून आपण किती भांडलो! रेक्टरबाई वर आल्या आणि तू त्यांनाच विचारलंस, "मॅडम, तुम्हाला ही शिडी दिसते का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीला कुलूप लावलं.

माझा मुद्दा एकच होता. रक्तातलं पोटॅशियम वरखाली झालं तर नस बंद पडेल, म्हणून आवरण घट्टच हवं. तू म्हणालीस, "केळीचं पान खाणारी अळी आणि खेकडा एक का गं?" अळीच्या रक्तात पानातलं पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, तिला नसेभोवती कुंपण लागतंच. खेकड्याचं रक्त सोडियमचं, कल्ल्यांनी सांभाळलेलं, त्याला तेवढी गरज नाही. तेव्हा मी ऐकलं नाही. परवा रात्री सगळं काढून वाचलं. अ‍ॅबटबाईंच्या 1970 च्या लेखाचं नावच आहे की किनाऱ्यावरच्या खेकड्यात रक्त आणि मेंदू यांमध्ये अडथळा नाही. पुढे 1977 मध्ये क्रेफिशच्या नसेवर लँथॅनम (कुठवर झिरपलं ते सूक्ष्मदर्शकात दिसणारा धातू) घालून पाहिलं, आवरण शाबूत ठेवून आणि काढूनही. कीटकांच्या मानाने हे आवरण झिरपतंच.

पण मला खरं टोचतंय ते वेगळंच. माझी आकृती बरोबर असती, तरी त्या पोराचा निष्कर्ष चुकलाच असता. पेशींमधला सांधा अडवतो ते पाण्यात विरघळणाऱ्याला, मीठ, पोटॅशियम असल्याला. फवारणीची बरीचशी औषधं चरबीत विरघळतात, ती सांध्याशी येत नाहीत, थेट पेशीच्या पडद्यातूनच जातात. पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर नसेतले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं, नस थांबतच नाही, त्या नांगीसारखी. खेकड्या-झिंग्यांना ही औषधं फार थोड्या मात्रेतही मारतात. पंपात कुठलं होतं ते मी विचारलं नाही, म्हणून ते खेकडे कशाने मेले हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण "आवरण घट्ट, म्हणून खेकडा सुरक्षित" हे वाक्य माझ्या वर्गातून निघालं आणि नाल्यापर्यंत पोचलं. "सांधा काय अडवतो आणि काय नाही" हे मी एकदाही शिकवलं नाही. आकृतीला मार्क होते, याला नव्हते.

वाटतं, किती जण असतील असे? तेवीस बॅच. कुणी दुकानात, कुणी शेतात, दोघी-तिघी तर शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या फळ्यावरही तीच आकृती असेल. एकेकाला शोधून कसं सांगू? तुला माहीत आहे, मी तुझ्यासारखी मोकळी नाही, चूक झाली म्हणायला माझी जीभ जड होते. तरी परवा टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात म्हटलं, मागच्या वर्षांची ही आकृती खोडा. एका पोरीने विचारलं, "मॅडम, परीक्षेत कुठली काढायची?" तिला काय सांगू ते मला तिथल्या तिथे सुचलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? चारूचं जमलं हे आत्तीकडून कळलं, फार आनंद झाला. मुलगा नाशिकचाच ना? लग्नाला येते, तारीख कळव.

या रविवारी मी त्या पोराच्या दुकानात जाणार आहे. आधी बाटल्या बघेन, मग त्याला बसवून सगळं सांगेन, आणि पंपाचं पाणी नाल्यात न सोडता कुठे सोडायचं तेही. कागद घेऊन जायचंय, नुसतं बोलणं पुरणार नाही. माझ्या झेरॉक्सवर अजून काळंच दिसतं. तुझ्याकडे मूळ अंकातल्या पानाचे स्वच्छ फोटो असतील तर पाठव, शिडी दिसेल असे. शनिवारच्या आत.

तुझीच,
मंगल