अजून किती?

ती. आई, बाबा,
सा. न.

आधी कबुली. परवा फोनवर मी म्हणाले, उद्या घाट बघायला जाणार. आई, तू विचारलंस, "बसने ना?" आणि मी म्हणाले, "बस आहे की." बस होतीच. तिच्यात माझी मैत्रीण बसली, माझं जाड जॅकेट मांडीवर घेऊन. मी सायकलवर होते. आता सुखरूप खाली आलेय, पोटभर जेवलेय. रागवायचं ते पत्र पूर्ण वाचून झाल्यावर.

घाटाचं नाव स्टेल्व्हिओ. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्समध्ये. या बाजूची गावं जर्मन बोलणारी, म्हणून पाट्यांवर सगळी नावं दोन-दोन. माथा २,७५७ मीटरवर. पायथ्याच्या प्राटोपासून साधारण २४ किलोमीटर, आणि तेवढ्यात चढायचे १,८०० मीटर. बाबा, तुमच्या हिशेबात सरासरी तेराला एक. सुरुवातीला नदीकाठाने रस्ता जरा गोडीत घेतो, नंतर वसुली करतो.

आई, प्रवासात दर दहा मिनिटांनी तू "अजून किती?" विचारतेस आणि बाबा "आलंच" म्हणतात. इथे ती सोयच नाही. प्रत्येक हेअरपिन वळणावर आकड्याची पाटी आहे, आणि आकडे उलटे: खाली ४८, माथ्याशी १. तासभर घाम गाळल्यावर मला पहिली पाटी दिसली, ४८. म्हणजे इतका वेळ केलेलं जमेलाच धरलेलं नव्हतं. तिथेच तुझी आठवण आली. खोटं कशाला सांगू, बाबांचं "आलंच" बरं वाटतं.

ट्राफोई गावाच्या वरपर्यंत देवदारासारखी झाडं आहेत, सावली आहे. डावीकडे ऑर्टलर शिखर, ३,९०५ मीटर, जुलैतही बर्फ अंगावर घेऊन. मग झाडं संपतात आणि बाविसाव्या वळणापाशी, एका जुन्या हॉटेलजवळ, समोरची अख्खी भिंत एकदम दिसते. वळणावर वळण, वळणावर वळण, आणि पार वर आकाशाला टेकलेली दोन-चार घरं. तिथवर आपल्यालाच जायचंय हे कळायला मला मिनिटभर लागलं. फोटोत हे दृश्य सुंदर दिसतं. सायकलवरून पोटात गोळा येतो.

चौदाव्या वळणावर उजव्या पोटरीत गोळा आला, तो मात्र खराखुरा. उतरले. सायकल कठड्याला टेकवली आणि भोकाड पसरायचंच बाकी ठेवलं. मागून एक आजोबा येत होते, बाबांपेक्षा मोठेच असतील, पायांच्या शिरा दोरीसारख्या. ते थांबले. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी माझे दोन्ही तळहात दगडी बांधावर ठेवायला लावले, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला, आणि बोटांवर तीसपर्यंत मोजलं. तीन वेळा. मग खिशातून अर्धं केळं काढून दिलं आणि निघून गेले. पुढची दोन वळणं मी सायकल ढकलत चालले. चालले म्हणजे चालले, त्यात लपवायचं काय!

बाबा, तो बांध तुम्हाला दाखवायला हवा होता. घाटापलीकडचा लोम्बार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्याकडे होता तेव्हा तिकडे थेट रस्ता हवा म्हणून कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनिअरने १८२० ते १८२५ या काळात हा घाट बांधला. पाच वर्षांत! तुमच्या खात्यात एका मोरीला किती लागायची, ते तुम्हीच सांगितलंय. पुढे माथ्यावरच ऑस्ट्रिया आणि इटलीची सरहद्द आली, पहिल्या महायुद्धात सैनिक या बर्फात लढले, आणि युद्धानंतर दोन्ही उतार इटलीत गेले. मग १९५३ साली जिरो द'इतालिया ही सायकल शर्यत इथून गेली, आणि फाउस्तो कोप्पीने इथेच सगळ्यांना मागे टाकून ती जिंकली. आजही शर्यतीतल्या सर्वांत उंच ठिकाणाला त्याचंच नाव देतात.

मला चार तास दहा मिनिटं लागली. माथ्यावर मोटारसायकलींचा गोंगाट, सॉसेजचा धूर, आणि खांद्यावर स्की घेतलेली माणसं, कारण वरच्या हिमनदीवर उन्हाळ्यात स्कीइंग चालतं. त्यांच्यात मी अर्ध्या चड्डीत, दात वाजत. मैत्रिणीने मला जॅकेट घातलं आणि त्याची चेन वर ओढली, कारण माझ्या बोटांना ती धरवत नव्हती.

उतरण्याचं फार सांगत नाही, आई घाबरेल. एवढंच की दर तीन-चार वळणांनी थांबत होते, ब्रेक दाबून हात बधिर व्हायचे. भाड्याच्या सायकलीचा मागचा ब्रेक कुरकुरत होता, तेही निघताना बघायला हवं होतं.

सोबत फोटो पाठवतेय. पहिला आईसाठी, १ आकड्याच्या पाटीशी माझा. दुसऱ्यात मी नाही, नुसता बांध आहे, पोटरी ताणताना नाकासमोर होता तो. दगडांमध्ये चुना आहे की नुसते रचलेत, ते तेव्हा बघायचं भान नव्हतं. चष्मा लावून, मोठा करून बघा आणि कळवा.

तुमची,
मनू