गव्हाणीतले वाढे

महोदय,

नाताळात ठिकठिकाणी होणाऱ्या बालचित्रकला स्पर्धांविषयी हे पत्र आहे. मी ३४ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि आजही दर रविवारी संडे स्कूल घेते. गेल्या डिसेंबरात जिल्ह्यातल्या एका चर्चच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता ख्रिस्तजन्म. मुलांपुढे नमुन्यादाखल भेटकार्डे ठेवली होती. त्यामुळे बहुतेक कागदांवर बर्फ, सूचिपर्णी झाडे आणि सोनेरी केसांचे बाळ उतरले होते.

चौथीतल्या एका मुलाने मात्र ऊसतोड कामगारांची कोपी, म्हणजे त्यांची तात्पुरती झोपडी काढली. बाहेर गाडी, सोडलेले बैल, आत चुलीच्या उजेडात मरिया. गव्हाणीत उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि त्यांवर गोधडी. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. धाकटी बहीण कोपीतच जन्मली. गोधडी कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, "बाई, वाढ्याची पात कापते. देवबाळाला रक्त आलं असतं ना?"

मला पुढे बोलता येईना. देव देहधारी झाला, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. तो देह उसाच्या पातीनेही चिरला असता, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. इतर दोघा परीक्षकांनी ते चित्र बाद केले. बेथलेहेमात ऊस कुठला, असे त्यांचे म्हणणे. मी पुष्कळ वाद घातला, पण उपयोग झाला नाही. निकाल लागेपर्यंत तो मुलगा माझ्याकडे पाहत होता, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांचे बोलणे ऐकून लोक आधी आश्चर्य करतात. मरिया त्या गोष्टी मनात ठेवून त्यांवर विचार करत राहते. बोध तिथे कोणीच सांगत नाही. आम्ही मात्र चित्र, नाटिका, गाणे हाती घेतले की पहिल्यांदा विचारतो, यातून संदेश काय द्यायचा? मुलाला नवल वाटायला सवडच ठेवत नाही.

त्या मुलाचे चित्र नाकारले गेले, तसेच आंजेलो द फोन्सेका यांच्याबाबतीतही घडले. १९०२ साली गोव्यातल्या सांत इस्तेव्ह येथे जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. त्याने मरियेला साडी नेसवली, आपल्या माणसांचा सावळा रंग दिला. गोव्यातल्या अनेक धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. अखेर तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ साली पुण्यातच वारला. त्याची बरीच चित्रे आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत जपलेली आहेत. मरिया आपल्या अंगणातली बाई असती तर, या विचाराने तो आयुष्यभर भारावलेला होता, असे मला ती चित्रे पाहताना वाटते. पुण्यात शिकणाऱ्या चित्रकलेच्या किती विद्यार्थ्यांना त्याचे नाव ठाऊक आहे?

त्याही आधी, १५७९ साली, फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. परक्या मुलखाची भाषा त्यांना इतकी भावली की फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असे त्यांनी ओवीत लिहिले. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या क्रिस्तपुराणात ख्रिस्ताची कथा त्याच मराठीत आली आहे. आणि ज्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो ते रेव्हरंड टिळक तर आमच्याच नगरात राहिले. त्यांची भजने आम्ही आजही गातो.

माझी पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या डिसेंबरात मुलांपुढे भेटकार्डे ठेवू नका. लूकचा दुसरा अध्याय सावकाश वाचून दाखवा. मग त्यांना जवळच्या गोठ्यात न्या, कडब्यावर हात फिरवू द्या, वासराचा वास घेऊ द्या. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत कागद वाटू नका. तालुक्यात कुठेही बोलावले तरी मी येईन, कागद आणि खडूही माझे मी आणीन.

ते बाद झालेले चित्र मी त्या मुलाकडून मागून घेतले आहे. गोधडीचा एकेक टाका त्याने वेगळा काढला आहे.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, अहिल्यानगर