मघाशी, आत्ता, एवढ्यात

सोल, रविवार

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या कोरियनच्या वहीचे फोटो पोचले. क्रियापदं छान जमली आहेत. चुका आहेत त्या बहुतेक वेळेच्या शब्दांत, आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच: तू हे शब्द इंग्रजी अर्थावरून पाठ करते आहेस. इंग्रजीत जिथे एका शब्दावर भागतं, तिथे कोरियनमध्ये दोन लागतात आणि मराठीतही पुष्कळदा दोनच असतात. मग इंग्रजीचा वळसा कशाला घालायचा?

‘जिगुम’ आणि ‘इजे’ बघ. तुझ्या पुस्तकात दोन्हींचा अर्थ एकच दिलाय. आपल्याकडे मात्र ‘आत्ता’ आणि ‘आता’ वेगळे आहेत. ‘जिगुम म्वॉ हेयो?’ म्हणजे आत्ता, या क्षणी काय करतेयस? ‘इजे म्वॉ हाल्कायो?’ म्हणजे एक काम झालं, आता काय करू या? ‘इजे’मध्ये कायम एक वळण असतं, आधी एक होतं, इथून पुढे दुसरं. म्हणून ‘आता समजलं’ला ‘इजे आल्गेस्सॉयो’. तिथे तू ‘जिगुम’ घातलंयस, ते खटकतं. इथल्या मेट्रोत गाडी फलाटावर येताना घोषणा ‘जिगुम’नेच सुरू होते, कारण गाडी त्या क्षणी आत शिरत असते.

पण ‘आत्ता’वर डोळे मिटून विसंबू नकोस. आपण ‘आत्ता आली’ही म्हणतो आणि ‘आत्ता येते’ही. कोरियनमध्ये ‘बांगुम’ वापरायचं ते घडून गेलेल्यासाठीच: ‘बांगुम वास्सॉयो’, आत्ताच आले. ‘गुमबांग’ मात्र आपल्या ‘आत्ता’सारखं दोन्हीकडे चालतं. गंमत म्हणजे दोन्ही शब्द त्याच दोन चिनी अक्षरांचे आहेत, फक्त क्रम उलटा. वहीत तू ‘बांगुम गाल्केयो’ लिहिलंयस. पुढच्या कामाला ‘बांगुम’ नको, ‘गुमबांग गाल्केयो’ हवं.

याच वाक्यात मराठी माणूस आणखी एकदा अडखळतो. हाक आली की आपण ‘आलेच!’ म्हणतो: काळ भूत आणि क्रियापद ‘येणे’. कोरियनमध्ये दोन्ही बदलतात. समोरच्याकडे निघालीस तर ‘जाणे’ वापरायचं, म्हणून ‘गुमबांग गाल्केयो’. ‘गुमबांग ओल्केयो’ म्हणालीस तर ऐकणाऱ्याला वाटेल की तू इथून बाहेर जाऊन लगेच परत येणार आहेस.

‘आक्का’ला ‘मघाशी’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. काही मिनिटांपूर्वीचं असो वा सकाळचं, पण आजचंच. कालच्या गोष्टीला ‘आक्का’ लावायचं नाही. अगदी एवढ्यातलं असेल तर ‘बांगुम’, मध्ये थोडा वेळ गेला असेल तर ‘आक्का’.

त्याचं पुढच्या बाजूचं जोडीदार रूप म्हणजे ‘इत्तागा’: थोड्या वेळाने, पण आजच. ‘नाजुंगे’ म्हणजे नंतर. उद्या, महिन्याने, कधीही. मैत्रीण ‘इत्तागा बवायो’ म्हणाली तर संध्याकाळ मोकळी ठेव. ‘नाजुंगे बवायो’ एवढंच म्हणाली तर दिवस ठरलेला नाही असं समज. ‘इत्तागा’ लिहिताना पहिल्या अक्षराखाली जोड-स, म्हणजे सांगशिओत, टाकायचा नाही. तो टाकलास की शब्द ‘असणे’ या क्रियापदाचा होतो: घरी होते, मग निघाले. उच्चार जवळजवळ सारखाच, त्यामुळे कानाने कळत नाही. मनात ‘थोड्या वेळाने’ घालून बघ. बसलं तर जोड-स नको.

‘बॉल्सॉ’ आणि ‘इमी’ हा माझा सगळ्यात आवडता जोड. स्टेशनवर पोचलीस आणि फलाट रिकामा. ‘अगं बाई, गाडी सुटलीसुद्धा!’ हे ‘बॉल्सॉ’. ‘गाडी आधीच सुटलीय, दुसरी बघू’ हे ‘इमी’. घटना तीच, पण पहिल्यात ‘इतक्या लवकर?’ हा धक्का आहे आणि दुसऱ्यात नुसती नोंद. पाहुणे उठले की ‘बॉल्सॉ गायो?’, म्हणजे एवढ्यात निघालात? तिथे ‘इमी’ बसत नाही. वहीत तू सगळीकडे ‘इमी’ केलंयस, म्हणून वाक्यं सरकारी पत्रासारखी कोरडी वाटतात.

‘आजिक’ म्हणजे अजून: ‘आजिक आन मॉगॉस्सॉयो’, अजून जेवले नाही. शेवटी ‘दो’ जोडून ‘आजिक्तो’ केलं की ‘अजूनसुद्धा?’ असा वैतागाचा सूर येऊ शकतो, मोठ्यांशी बोलताना जपून. पण आपलं ‘अजून’ जास्तीचं मागायलाही चालतं, ‘आजिक’ चालत नाही. ‘अजून एक द्या’ला ‘दॉ’ घ्यायचं, आणि तेही आकड्याच्या मागे: ‘हाना दॉ जुसेयो’.

‘योजुम’ म्हणजे हल्ली, ‘छ्वेगुन’ म्हणजे अलीकडे. ‘हल्ली तिचं लग्न झालं’ म्हणत नाहीस ना? तसंच इथेही, एकदा घडून गेलेल्या गोष्टीला ‘योजुम’ नको. ‘गोत’ म्हणजे लवकरच. बसथांब्यावरच्या पाटीवर ‘गोत दोचाक’ दिसलं की बस येतेच आहे.

टोपिक, म्हणजे तुझी कोरियन भाषेची परीक्षा. त्यातल्या ‘टोपिक-1’ या सुरुवातीच्या पेपरात वाचनाच्या 40 प्रश्नांना 60 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. गाळलेल्या जागी वेळेचा शब्द विचारला तर आधी वाक्याच्या शेवटी क्रियापदाचा काळ बघ. भूतकाळ असेल तर ‘इत्तागा’ लगेच बाद, भविष्यकाळ असेल तर ‘आक्का’ आणि ‘बांगुम’ बाद. मग उरलेलं वाक्य मराठीत म्हणून बघ.

या आठवड्यात ‘बांगुम’, ‘गुमबांग’, ‘आक्का’ आणि ‘इत्तागा’ची प्रत्येकी पाच वाक्यं लिही, घरात दिवसभर जे बोलता त्यातलीच. ‘बाबा मघाशी बाजारात गेले’ यापासून सुरू कर. फोटो शनिवारपर्यंत पाठव.

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई