डेव्ह बिंग यांच्यावर एका ओळीत अन्याय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवृत्तीनंतर कफल्लक झालेल्या अमेरिकन बास्केटबॉलपटूंविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखाचा विषय महत्त्वाचा आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यात माजी बास्केटबॉलपटू डेव्ह बिंग यांना 'डेट्रॉइट शहराला दिवाळखोरीत नेणारे महापौर' अशा एका ओळीत निकालात काढले आहे, आणि ते मला पटले नाही. कर्जबाजारी खेळाडूंच्या पंगतीत त्यांना बसवणे ही माहितीची चूक आहेच, शिवाय त्यामुळे लेखाच्याच विषयाला सर्वाधिक उपयोगी पडणारे उदाहरण हातचे निसटले आहे.

1966 साली नवोदित खेळाडूंच्या निवडीत डेट्रॉइट पिस्टन्स या संघाला हवे होते ते मिशिगन विद्यापीठाचे कॅझी रसेल. पहिली निवड कोणी करायची, या नाणेफेकीचा कौल न्यूयॉर्कच्या संघाच्या बाजूने गेला आणि डेट्रॉइटकरांनी काहीशा नाइलाजाने सिराक्यूज विद्यापीठाच्या बिंग यांना घेतले. दुसऱ्याच हंगामात गार्डच्या (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या) जागेवर खेळणाऱ्या बिंग यांनी सामन्यामागे 27.1 गुणांच्या सरासरीने लीगमध्ये सर्वाधिक गुण केले. विशेष म्हणजे त्यांच्या डाव्या डोळ्याला लहानपणी खेळताना खिळा लागला होता आणि तेव्हापासून त्या डोळ्याला अंधूक दिसे. 1971 मध्ये सरावसामन्यात प्रतिस्पर्ध्याचे बोट उजव्या डोळ्यात जाऊन डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सरकला, तरीही डॉक्टरांचा सल्ला न मानता ते त्याच हंगामात मैदानावर परतले. (या हट्टाचे कौतुक करावे की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.) 1978 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर बारा हंगामांत 18 हजारांवर गुण होते, पण विजेतेपद एकही नव्हते.

त्या काळी बास्केटबॉलमध्ये आजच्यासारखा पैसा नव्हता. बिंग खेळत असतानाच हंगाम संपला की डेट्रॉइटच्या एका बँकेत नोकरीला जात, आणि तीही सुरुवातीला खिडकीवरच्या कॅशियरची. निवृत्तीनंतर कंपन्यांना त्यांचे नाव जाहिरातीसाठी हवे होते, परंतु त्यांनी पॅरागॉन स्टील या कंपनीत पोलादाचा व्यवसाय शिकायला दोन वर्षे दिली. 1980 मध्ये चार माणसे आणि भाड्याचे गोदाम घेऊन त्यांनी 'बिंग स्टील' काढली. पहिल्या काही महिन्यांतच स्वतःचे भांडवल बुडाले, तेव्हा कारखानदारीचा नाद सोडून ते गिरणी आणि गिऱ्हाईक यांच्यामधले व्यापारी झाले, आणि जनरल मोटर्सची मागणी मिळाल्यावर धंदा सावरला. मी स्वतः पत्र्याच्या खरेदी-विक्रीत असल्यामुळे यातले कष्ट जाणतो: गाडी कंपनीला माल हवा असतो ठरल्या दिवशी, गेजमध्ये (पत्र्याच्या जाडीत) केसभरही फरक न ठेवता, आणि बिलाचे पैसे मात्र महिनोन्महिने अडकून राहतात. मैदानावरची प्रसिद्धी तिथे फार तर पहिल्या भेटीची वेळ मिळवून देते. पुढचे सगळे दराने आणि वेळेवर पोहोचलेल्या मालाने ठरते. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते अल्पसंख्याक उद्योजकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो या कामासाठी. पैशाअभावी डेट्रॉइटच्या शाळांतील खेळ बंद पडण्याची वेळ 1989 मध्ये आली, तेव्हा निधी उभारण्यातही ते पुढे होते.

आता महापौरपदाविषयी. डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 साली साडेअठरा लाख होती, ती 2010 च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्याही खाली आली. माणसे गेली, कर गेला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे देणे मात्र जागेवर राहिले. ते भागवण्यासाठी 2005 च्या सुमारास तत्कालीन महापौर क्वामे किलपॅट्रिक यांच्या कारकिर्दीत सुमारे 1.4 अब्ज डॉलरची उचल झाली आणि व्याजदराच्या करारांचा फास त्यावर बसला. याच किलपॅट्रिक यांना 2008 मध्ये फौजदारी प्रकरणात गुन्हा कबूल करून पायउतार व्हावे लागले. मे 2009 च्या विशेष निवडणुकीत बिंग निवडून आले तेव्हा ते पासष्टीचे होते. कारभारात त्यांच्याकडून चुका झाल्याच नाहीत, असे मी म्हणणार नाही. ओसाड वस्त्यांवरचा खर्च कमी करून सेवा दाट वस्तीकडे वळवण्याची त्यांची योजना हिशेबाने बरोबर असेलही, पण आपल्याला घरातून उठवणार की काय या लोकांच्या धास्तीला त्यांना वेळेवर उत्तर देता आले नाही. कंपनीत मालकाचा शब्द चालतो. नगर परिषद, कामगार संघटना आणि राज्य सरकार यांच्यात अडकलेल्या महापौराला ती सोय नसते.

तरीही दिवाळखोरीचा अर्ज त्यांनी केलेला नाही. मार्च 2013 मध्ये मिशिगन राज्याचे राज्यपाल रिक स्नायडर यांच्या सरकारने केव्हिन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमले आणि महापौरांच्या हाती फारसे अधिकार उरले नाहीत. 18 जुलै 2013 रोजी राज्यपालांच्या संमतीने ऑर यांनी हा अर्ज दाखल केला. तेव्हा शहराच्या डोक्यावर सुमारे 18 अब्ज डॉलरचे देणे होते आणि रस्त्यांवरचे जवळपास 40 टक्के दिवे बंद होते. एवढे ओझे चार वर्षांत साचत नाही. महापौरपद सोडल्यानंतर बिंग यांनी डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय मुलांना वडीलधारे मार्गदर्शक मिळवून देणारी संस्था सुरू केली, याचाही लेखात उल्लेख नाही.

लेखकाने बिंग यांच्यावर टीका जरूर करावी, परंतु दिवाळखोरीविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढील रविवारच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे