आई, दोष तुझ्या जिभेचा नाही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा येळ्ळूरच्या लग्नात तुझ्या पानात मांडा वाढला आणि पंगतीतच कुणी म्हणालं, "साखर हाय न्हवं तुम्हाला? तोंड आवरत नाही काय?" तू तशीच उठलीस म्हणे. फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. इतकी वर्षं मी भुकेवरच काम करते, पण घरी बसून तुम्हाला ते कधी नीट सांगितलं नाही.

अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मापासून हावरे, लठ्ठ उंदीर होते, दोन वेगळ्या वाणांचे. डग्लस कोलमन यांनी त्यांना एकेका साध्या उंदराशी शस्त्रक्रियेने जोडलं, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात खेळावं. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्याच्या रक्तामुळे कमी खाऊ लागला. दुसऱ्या वाणाशी जोडलेल्या साध्या उंदराने मात्र समोर दाणे असून खाणं टाकलं आणि तो उपाशी मेला. कोलमन यांनी ताडलं की पोट भरल्याचा सांगावा रक्तातून जातो. पहिल्या वाणात तो तयारच होत नव्हता, दुसऱ्यात होत होता पण मेंदूला ऐकू येत नव्हता. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्यामागचं जनुक सापडलं. त्या सांगाव्याचं नाव लेप्टिन, आणि तो आपली चरबीच धाडते.

माणसांतही हे दिसलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना दोन भावंडं सापडली, चुलत-मावस नात्यातली. त्यातली मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. तिच्या अंगात लेप्टिन बनतच नव्हतं. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि तिची भूक आपोआप खाली आली. तोवर त्या पोरीला आणि तिच्या आईला काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार मी फार वेळा करते.

तुला ते इंजेक्शन लागू पडायचं नाही, आई. बहुतेक जाड माणसांत लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. पण श्रावणात एक वेळ जेवून तू वजन उतरवलंस आणि दिवाळीपर्यंत सगळं परत आलं, तेव्हा तू स्वतःला किती बोल लावलेस! चरबी उतरली की लेप्टिन घसरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, मग तो भूक वाढवतो. तू त्या हाकेशी महिनोन्‌महिने झगडत होतीस. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाबा, आता तुमचं. "मी काटकुळा, मला कसली साखर?" हे म्हणणं आता सोडा. इथल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपल्याकडची पुष्कळ माणसं वरून बारीक आणि आतून चरबीची असतात, तीही पोटाभोवती. तुमचे हातपाय बारीक आहेत, पण सदऱ्याची बटणं पोटावर ताणतात, ते मी मागच्या खेपेला पाहिलंय. उपाशीपोटी साखर तपासा, आणि तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसीही करा. बेळगावला बाजाराला जाताच की, त्या दिवशीच उरका.

आई, गोळी चुकवू नकोस, आणि गोळी घेऊन उपाशी तर मुळीच राहू नकोस. आधी उसळ-भाजी खा, भात शेवटी आणि थोडा. रताळी उकडलीस तर एखादंच. मांडा चतकोर खा, पण खाली मान घालून खाऊ नकोस.

बाबा, रिपोर्टचा फोटो शनिवारपर्यंत पाठवा. आई, मी चतुर्थीला येतेय. पंगतीत तुझ्या शेजारचं पान माझं.

तुमची लेक